घरात शिरलेले युद्ध : टॉलस्टॉयचे रोस्तोव कुटुंब

युद्ध कुटुंबातील वयांचा क्रम विस्कटून टाकते, आणि या उलथापालथीची नोंद इतिहासग्रंथांपेक्षा कादंबरीने अधिक बारकाईने ठेवली आहे. एरवी आईवडील सांगतात आणि मुले ऐकतात, थोरले आधी जातात आणि धाकटे मागे राहतात, मुलगा हाताशी येईपर्यंत घराचा भार बाप वाहतो. युद्धाच्या काळात मात्र पंधरा वर्षांची मुलगी आईच्या जागी उभी राहते, बारा वर्षांचा मुलगा प्रौढांना हुकूम सोडू लागतो आणि पन्नाशीतली धडधाकट बाई महिन्याभरात लेकराइतकी परावलंबी होते. लेव टॉलस्टॉय यांच्या ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीतील रोस्तोव कुटुंब हे याचे जगातल्या वाङ्मयातील सर्वांत सखोल उदाहरण आहे, असे मानण्यास भरपूर आधार आहे. या कादंबरीची चर्चा बहुधा तिच्या आकारावरून, नेपोलियनवरून किंवा तिच्यातील इतिहासविषयक चिंतनावरून सुरू होते आणि तिथेच संपते. त्यात या घरातली माणसे मागे पडतात आणि त्यांतही सर्वांत मागे पडतो तो या घरातला धाकटा मुलगा पेत्या.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. कादंबरी १८६५ ते १८६९ या काळात प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील कथानक १८०५ पासून १८२० पर्यंतचे आहे. १८०५ मध्ये रशियाने ऑस्ट्रियाच्या बाजूने नेपोलियनशी युद्ध केले व ऑस्टरलिट्झच्या लढाईत पराभव पत्करला. १८१२ च्या जूनमध्ये नेपोलियन चार लाखांहून अधिक सैन्यासह रशियात घुसला, बोरोदिनोच्या घनघोर लढाईनंतर रशियनांनी मॉस्को रिकामे केले, शहर जळाले, आणि ऑक्टोबरात फ्रेंच सैन्य माघारी फिरले ते थंडी, उपासमार आणि गनिमी काव्याने लढणाऱ्या रशियन पथकांच्या हल्ल्यांनी जवळजवळ नष्ट झाले.

रोस्तोवांची ओळख होते ती मॉस्कोतील त्यांच्या वाड्यात, नामदिनाच्या मेजवानीत. ज्या संताचे नाव ठेवले असेल त्या संताच्या स्मरणाचा दिवस वाढदिवसासारखा साजरा करण्याची रशियन घरांत प्रथा होती, आणि आई व धाकटी मुलगी या दोघींचेही नाव नताल्या असल्याने हा दिवस दोघींचा होता. नताशा तेरा वर्षांची आहे; पाहुण्यांनी भरलेल्या दिवाणखान्यात ती झग्याच्या घोळात बाहुली लपवून धावत येते आणि हसू न आवरून आईच्या अंगावर कोसळते. वीस वर्षांचा थोरला भाऊ निकोलाय विद्यापीठ सोडून हुसार पथकात, म्हणजे हलक्या घोडदळात, दाखल होण्यास निघाला आहे; पेत्या नऊ वर्षांचा आहे; आणि घरात वाढलेली निराधार नातलग सोन्या निकोलायवर जीव टाकून आहे. म्हातारे काउंट येईल त्याला जेवायला बसवणारे, हिशेबात कच्चे पण मनाने उदार गृहस्थ आहेत. युद्धाची बातमी या मेजवानीत जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांतून येते आणि त्या क्षणी ती कोणालाच आपल्या घराची बातमी वाटत नाही.

निकोलायच्या पहिल्या चकमकीचे वर्णन अभ्यासकांनी पुष्कळ गौरवले आहे आणि ते रास्तच आहे. घोडा मरून कोसळतो, हाताला मार बसतो, समोरून फ्रेंच शिपाई धावत येताना दिसतात आणि हे आपल्यालाच मारायला येत आहेत, घरीदारी ज्याच्यावर सगळ्यांनी माया केली त्याला, याचे त्याला शब्दशः नवल वाटते. मग हातातले पिस्तूल झाडण्याऐवजी तो ते शत्रूच्या अंगावर फेकून देतो आणि झुडपांकडे पळत सुटतो. पुढे मित्रांना ही हकीकत सांगताना, खोटे बोलण्याचा विचारही मनात नसताना, तिचे रूपांतर नकळत ठरावीक साच्याच्या पराक्रमकथेत होते, कारण ऐकणाऱ्यांना तशीच कथा अपेक्षित असते. इकडे मॉस्कोच्या घरात त्याचे जखमी झाल्याचे पत्र पोहोचते तेव्हा ते आईच्या हाती कसे द्यायचे याचा सारा दिवस खल चालतो. पत्र मिळाल्यावर आई ते पुन्हा पुन्हा वाचते आणि वीस वर्षांपूर्वी पोटात हलणारा तो जीव परदेशात शूर अधिकारी झाला आहे, या साध्या गोष्टीचे तिला विलक्षण नवल वाटते. रजेवर आलेला हाच मुलगा नंतर जुगारात ४३,००० रूबल हरतो आणि ते वडिलांना फेडावे लागतात. रोस्तोवांचे घर एका दिवसात बुडालेले नाही, आणि टॉलस्टॉय सगळा दोष युद्धाच्या माथी मारत नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

वयांचा क्रम प्रथम उघडपणे उलटतो तो १८१२ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आणि सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी, मॉस्को सोडण्याच्या घाईत. सैन्यात गेलेला पेत्या परत येईपर्यंत आईने घर सोडण्यास नकार दिल्याने रोस्तोव शहरात अगदी शेवटपर्यंत राहिले आहेत आणि गाड्यांमध्ये गालिचे, चिनी मातीची भांडी व चित्रे भरली जात आहेत. या बांधाबांधीत नताशाच पुढाकार घेते. कीवची साधी ताटे बाहेर काढून सॅक्सनीची मौल्यवान भांडी गालिच्यांच्या घड्यांत बसवण्याची युक्ती तिचीच, आणि ज्या मुलीला घरात कोणी कामाची समजत नव्हते तिच्याकडे नोकर विचारायला येऊ लागतात. दुसऱ्या दिवशी अंगणात जखमी सैनिक गाड्यांची याचना करीत उभे असतात; काउंट काही गाड्या द्यायला तयार होतात आणि काउंटेस त्यांना अडवते, कारण ही मालमत्ता मुलांची आहे आणि ती आधीच पुरेशी उधळली गेली आहे. नेमक्या याच वेळी थोरला जावई बेर्ग एक कपाट आणि शृंगारमेज स्वस्तात मिळाल्याचे सांगत ते आणण्यासाठी माणसे मागायला येतो. नताशा संतापाने आईपुढे जाऊन हे लाजिरवाणे आहे असे ओरडून सांगते, आई काही क्षण गप्प राहते आणि मग नमते, आणि म्हातारे काउंट डोळे पुसत म्हणतात की आता अंडीच कोंबडीला शिकवू लागली. सामान उतरवले जाते व गाड्यांवर जखमी चढतात. त्यांत नताशाने ज्याच्याशी ठरलेले लग्न मोडले होते तो आंद्रेय बोल्कोन्स्कीही असतो, हे तिला त्या वेळी ठाऊक नसते. कपाटासाठी आलेला जावई आणि गाड्या रिकाम्या करणारी मुलगी यांना एकाच अंगणात, एकाच तासात आणून टॉलस्टॉय यांनी युद्ध माणसांची पारख कशी करते हे दाखवले आहे, आणि त्यासाठी त्यांना उपदेशाचे एकही वाक्य लागलेले नाही.

पेत्याची कथा मात्र उलट दिशेने जाते. नताशा मोठी होते, पण पेत्या मोठा होऊ पाहतो आणि मूलच राहतो. १८१२ च्या उन्हाळ्यात तो पंधरा वर्षांचा आहे, लालबुंद ओठांचा, बहिणीसारखा दिसणारा. विद्यापीठाच्या प्रवेशाची तयारी सोडून त्याला सैन्यात जायचे आहे आणि घरचे नाही म्हणतात. सम्राट अलेक्झांडर मॉस्कोत येतात तेव्हा त्यांनाच भेटून अर्ज करायचा असे ठरवून तो क्रेमलिनकडे निघतो. मोठ्या माणसासारखे दिसावे म्हणून केस आणि गळपट्टा नीट करतो, पण गर्दीत इतका चेंगरतो की शुद्ध हरपते. पुढे सम्राट सज्जात बिस्किट खात उभे राहतात, त्याचा तुकडा खाली पडतो आणि लोक तुटून पडलेले पाहून ते ताटभर बिस्किटे खाली फेकतात. त्यांतले एक बिस्किट घेण्यासाठी पेत्या एका म्हातारीला ढकलतो. ते का हवे आहे हे त्यालाही सांगता आले नसते. राष्ट्रप्रेमाच्या लाटेचे याहून नेमके चित्र क्वचितच कोणी काढले असेल: लाट खरी आहे, मुलाचे अश्रू खरे आहेत आणि ढकललेली म्हातारीही खरी आहे. घरी येऊन तो निक्षून सांगतो की सोडले नाही तर पळून जाईन, आणि काउंट त्याच्यासाठी त्यातल्या त्यात कमी धोक्याची जागा शोधायला निघतात.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण पेत्याचा एक वडीलभाऊ टॉलस्टॉय यांच्याच लेखनात आधी होऊन गेला होता. क्रिमियाच्या युद्धात तोफखान्याचे तरुण अधिकारी म्हणून टॉलस्टॉय यांनी सेवास्तोपोलच्या वेढ्यात काम केले आणि त्या अनुभवावर तीन कथा लिहिल्या. ऑगस्ट १८५५ मधील अखेरच्या दिवसांवरील कथेत कोझेल्त्सोव हे दोघे भाऊ आहेत. धाकटा व्होलोद्या नुकताच लष्करी शाळेतून बाहेर पडला आहे, पहिल्या रात्री तो अंधाराला घाबरतो, मग आपण भित्रे नाही हे कळून हरखतो आणि त्यानंतर लवकरच मारला जातो. थोरला जखमी होऊन मरणाच्या दारी असताना लढाई कोणी जिंकली असे विचारतो, आणि जवळचा धर्मगुरू दयेपोटी विजय आपला झाला असे सांगतो, वास्तविक तटावर फ्रेंच निशाण फडकत असते. मरणाऱ्याला किंवा मागे राहणाऱ्याला सांगितलेले हे असत्य युद्धकथांमध्ये पुढे वारंवार भेटते. टॉलस्टॉय दोन वर्षांचे होण्याआधी त्यांची आई गेली आणि नवव्या वर्षी वडील. भरल्या घराची अपूर्वाई ज्याला लहानपणीच कळली अशा माणसाने हे घर लिहिले आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. १८६७ मध्ये बोरोदिनोची रणभूमी पाहायला ते गेले तेव्हा त्यांनी सोबत नेला होता तो पत्नीचा बारा वर्षांचा भाऊ.

पेत्याचा शेवट ऑक्टोबर १८१२ मधील आहे आणि तो कादंबरीच्या जेमतेम काही प्रकरणांत उरकतो, तरी संपूर्ण ग्रंथातील सर्वोत्तम पाने म्हणून ती निवडावी लागतील. एका सेनापतीचा निरोप घेऊन तो देनिसोवच्या छापामार तुकडीकडे येतो. देनिसोव हा निकोलायचा जुना मित्र, नताशाला एके काळी मागणी घातलेला. आधीच्या लढाईत पेत्याने वेडे साहस केल्यामुळे कोणत्याही चकमकीत भाग घेऊ नये अशी त्याला ताकीद आहे आणि ती तो लपवतो. अधिकाऱ्यांच्या पंगतीत मटण कापायला कोणाला चाकू हवा असतो. पेत्या आपला घडीचा चाकू पुढे करतो आणि त्याची स्तुती होताच तो ठेवूनच घ्या, माझ्याकडे असे पुष्कळ आहेत, म्हणतो. मग त्याला आठवण होते ती बेदाण्यांची. फौजेबरोबर फिरणाऱ्या दुकानदाराकडून त्याने दहा पौंड बेदाणे घेतले आहेत, बिनबियांचे, कारण त्याला काहीतरी गोड खाण्याची सवय आहे. तो धावत जाऊन पाचेक पौंडांच्या पिशव्या आणतो आणि सर्वांपुढे करतो. एसाउलला, म्हणजे कझाक पथकाच्या कप्तानाला, तो कॉफीची किटली देऊ करतो आणि बंदुकीच्या चापासाठी लागणाऱ्या शंभर गारगोट्याही. घरून शिदोरी घेऊन आलेले मूल डबा उघडून वर्गभर वाटते, तसा हा प्रकार आहे, आणि त्या घराची, काउंटच्या मेजवान्यांची, येईल त्याला वाढण्याची सारी रीत त्या मुलाच्या हातांत उतरलेली दिसते.

त्याच दिवशी पकडलेला एक फ्रेंच नगारावाला पोर बाहेर थंडीत बसला आहे. त्याला खायला द्यावे असे पेत्याला मनापासून वाटते, पण मुलाची कीव एका मुलालाच आली असे हसतील या भीतीने तो बराच वेळ विचारत नाही. अखेर विचारतो तेव्हा देनिसोव लगेच होकार देतो. या मुलाचे नाव व्हिन्सेंट आहे आणि कझाकांनी त्याचे एव्हाना आपल्या तोंडाला वळेल असे रशियन नाव करून टाकले आहे. हा प्रसंग टॉलस्टॉय यांना हवेतून सुचलेला नाही. देनिसोव ज्याच्यावरून रचला त्या देनिस दाविदोव या कवी-सेनानीने आपल्या आठवणींत व्हिन्सेंट नावाच्या फ्रेंच नगारावाल्या मुलाला आश्रय दिल्याचे लिहिले आहे. शत्रूच्या मुलाला मटणाचे पान मिळाले आणि त्याला ते मिळवून देणारा मुलगा दुसऱ्या सकाळी मेला, ही जुळणी मात्र कादंबरीकाराची.

रात्री पेत्या झोपत नाही. लिखाचोव नावाचा कझाक गाडीखाली बसून त्याची तलवार पाजळत असतो, पानांवरून थेंब टपकत असतात, घोडे फुरफुरत असतात, आणि सहाणेवर घासल्या जाणाऱ्या पात्याच्या आवाजातून पेंगुळलेल्या पेत्याला एक समूहवादन ऐकू येऊ लागते. एक सूर उठतो, दुसरे वाद्य तो उचलते, तिसरे त्यात मिसळते. पाश्चात्त्य संगीतातील ‘फ्यूग’ हा प्रकार, ज्यात एकच स्वरावली निरनिराळ्या वाद्यांतून एकामागून एक येऊन परस्परांत गुंफली जाते, त्याच्या मनात साकारतो, जरी त्याने संगीताचे शिक्षण कधी घेतलेले नाही. तो त्या अदृश्य वादकांना हाताने इशारे देतो आणि ते त्याचे ऐकतात. मृत्यूपूर्वीची रात्र भीतीने, प्रार्थनेने किंवा घरच्या आठवणींनी भरण्याचा सोपा मार्ग टॉलस्टॉय यांनी टाळला आहे. या मुलात काय फुलू पाहत होते हे वाचकाला पहिल्यांदा आणि शेवटचे तिथे कळते, म्हणून पुढचे नुकसान किती मोठे आहे हे सांगावे लागत नाही.

सकाळच्या हल्ल्यात देनिसोवची ताकीद न जुमानता तो धूर दाटला होता तिकडे घोडा फेकतो. घोड्यावर त्याचे दोन्ही हात विचित्रपणे हलू लागतात, तो घसरतो आणि ओल्या जमिनीवर पडतो. गोळी डोक्यातून गेली आहे. देनिसोवचा छापामार साथीदार दोलोखोव, जो आदल्याच रात्री फ्रेंच गणवेशात पेत्याला घेऊन शत्रूच्या छावणीत फिरून आला होता, एका शब्दात निकाल सांगून पुढे जातो. देनिसोव खाली उतरतो, रक्ताने व चिखलाने माखलेला चेहरा स्वतःकडे वळवतो आणि त्याला आठवतात ते बेदाणे. मग कुत्र्याच्या भुंकण्यासारखा एक आवाज त्याच्या तोंडून निघतो आणि तो कुंपण धरून उभा राहतो. या हल्ल्यात सुटलेल्या रशियन कैद्यांत नताशाचा भावी पती पिएर असतो. कादंबरी इथे शोक करीत थांबत नाही, पिएरच्या कैदेची हकीकत सुरू होते.

शोक पोहोचतो तो घरी, आणि तिथे वयांची उलथापालथ पुरी होते. आंद्रेयच्या मृत्यूनंतर नताशा सर्वांपासून तुटून बसलेली असते. पेत्याची बातमी येते आणि आईचा आक्रोश ऐकताच ती धावत सुटते. काउंटेस हे खरे मानायलाच तयार नसते. तिसऱ्या रात्री ती बिछान्यावर उठून बसते आणि नताशालाच पेत्या समजून, तू आलास हे बरे झाले, दमला असशील, चहा घेशील का, असे विचारते, किती देखणा आणि मोठा झालास असे म्हणते. आणि मग भानावर येऊन पहिल्यांदा रडते. तीन आठवडे नताशा आईच्या खोलीतून हलत नाही, खुर्चीतच झोपते, हाताने भरवते, सतत बोलत राहते. महिन्याभराने खोलीबाहेर येते ती म्हातारी, जगण्यातला रस आटलेली बाई. पण ज्या घावाने आई अर्धी मेली त्याच घावाने मुलगी पुन्हा जगात आली, हे टॉलस्टॉय यांचे निरीक्षण आहे. एकच आघात एकाच घरात दोन विरुद्ध परिणाम घडवतो, आणि त्याचे कारण नताशावर आता कोणीतरी अवलंबून आहे हे आहे.

या सूत्राचा माग इतरत्रही लागतो. रेमार्क यांच्या ‘वेस्टर्न फ्रंटवर सारे काही शांत’ या १९२९ च्या जर्मन कादंबरीत पाउल बॉयमर रजेवर घरी येतो तेव्हा आजारी आईला तो आघाडीवर विशेष काही त्रास नाही असे सांगतो, आणि मृत मित्राच्या आईला मुलगा क्षणात गेला अशी शपथेवर खोटी ग्वाही देतो. सेवास्तोपोलच्या धर्मगुरूचे काम इथे विशी न गाठलेल्या मुलाकडे आले आहे. कॅनडाच्या एल. एम. माँटगोमेरी यांच्या ‘रिला ऑफ इंगलसाइड’मध्ये (१९२१) लहान मुलांची मुळीच आवड नसलेली पंधरा वर्षांची रिला आई नसलेले तान्हे बाळ सूपच्या मोठ्या भांड्यात ठेवून घरी आणते आणि युद्ध संपेपर्यंत वाढवते. व्लादिमीर बोगोमोलोव यांच्या ‘इव्हान’ या कथेतील बारा वर्षांचा हेर, ज्यावरून तारकोव्हस्की यांनी १९६२ मध्ये चित्रपट काढला, आपल्याहून कितीतरी मोठ्या लेफ्टनंटला हुकूम सोडतो, कारण बालपण ज्या घरात असायचे ते घरच उरलेले नाही. मराठीत विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’मधील (१९३९) हेर्टा, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी, तर युद्ध पेटण्यापूर्वीच घर आणि देश गमावून बसलेली आहे. ही सारी पुस्तके मोलाची आहेत. पण युद्ध संपल्यावर सात-आठ वर्षांनी त्या घरात काय उरले हे टॉलस्टॉय यांच्याइतके चिकाटीने यांपैकी कोणीच पाहिलेले नाही.

काउंट १८१३ मध्ये, मुलांची मालमत्ता आपण बुडवली या खंतीत मरतात आणि मागे ठेवलेले कर्ज मालमत्तेच्या दुप्पट भरते. निकोलाय वारसा नाकारून मोकळा होऊ शकला असता, पण वडिलांच्या नावाला बट्टा नको म्हणून तो कर्ज पत्करतो, सैन्य सोडतो आणि नावडती सरकारी नोकरी धरून आई व सोन्यासह लहानशा जागेत राहू लागतो. गरिबी आली आहे हे आईला कळू दिले जात नाही. ती गाडी मागते, चांगलेचुंगले खायला मागते आणि कधी मुलांना भेटवस्तू देऊन चकित करण्यासाठी पैसे मागते, ते निकोलायच तिला देतो आणि त्यांतूनच त्याच्यासाठी भेट येते. या घरात बाप कोण आणि लेकरू कोण हे आता नव्याने ठरले आहे.

सोन्यावर मात्र टॉलस्टॉय यांनी अन्याय केला आहे आणि तो स्पष्ट म्हटला पाहिजे. श्रीमंत मुलीशी लग्न करून निकोलायने घर सावरावे म्हणून काउंटेसने सोन्याकडून त्याला वचनातून मुक्त करणारे पत्र लिहवून घेतले. पुढे त्याचे लग्न आंद्रेयची बहीण मार्या हिच्याशी झाले आणि सोन्या त्याच घरात चहा ओतीत व म्हातारीचा लहरीपणा सोशीत राहिली. जिच्या त्यागावर घर पुन्हा उभे राहिले तिच्यात काहीतरी उणे होते, असा निवाडा नताशाच्या तोंडी घालून कादंबरी तिच्याकडे पाठ फिरवते. युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या घरांत अशा सोन्या पुष्कळ असतात आणि त्यांच्यावर पुरेसे कोणीच लिहिलेले नाही.

कथानक संपते ते १८२० च्या डिसेंबरमध्ये, मोठ्या माणसांच्या सुखी संसारांवर नव्हे, तर आंद्रेयचा अनाथ मुलगा निकोलेन्का याच्यावर. तो प्लुटार्कमधील वीरांची शिरस्त्राणे घालून सैन्याच्या अग्रभागी चालल्याचे स्वप्न पाहून दचकून उठतो आणि न आठवणाऱ्या वडिलांनाही समाधान वाटेल असे काहीतरी करून दाखवण्याचा निश्चय करतो. त्याचे वय पंधरा आहे, सैन्यात जायचा हट्ट धरला तेव्हा पेत्याचे होते तेवढेच. पुष्कळ वाचक उपसंहार कंटाळवाणा म्हणून सोडून देतात. त्यातला तात्त्विक भाग हवा तर वगळावा, पण या मुलापर्यंतची प्रकरणे वाचल्याखेरीज रोस्तोवांची कथा वाचून झाली असे समजू नये.